शेवटच्या बाकाचे उत्तर



आपल्या अभ्यासवर्गासाठी प्रोजेक्टर घ्यावा, अशी सूचना आली आहे. मी पडलो बँकेतला कारकून. खर्च म्हटला की आधी हिशेब मागतो. फळ्यासमोर गप्प बसणारा मुलगा पडद्यासमोरही गप्पच बसेल. प्रश्न विचारला की पहिल्या बाकावरचे तेच चार हात वर होतात. बाकीच्यांचे काय, हे परीक्षेतच कळते.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकविताना एरिक मझूर यांनी १९९१ पासून यावर एक पद्धत वापरली. व्याख्यान मध्येच थांबवून ते पर्यायांचा प्रश्न देत. प्रत्येकाने आधी स्वतः उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी चर्चा करायची आणि पुन्हा उत्तर द्यायचे. उत्तरे मोजणारी यंत्रे नंतर आली.

हे काम आता 'प्लिकर्स'च्या कागदी कार्डांवर होते. कार्डावर चौकोनी नक्षी असते. तिच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. निवडलेली बाजू वर धरायची. शिक्षकांचा एक मोबाईल सगळी कार्डे वाचतो. मुलांना मोबाईल लागत नाही, आणि पालकांनाही तेच हवे! प्रत्येकाची नक्षी वेगळी, म्हणून शेजाऱ्याचे बघून भागत नाही. कोणाचे चुकले हे वर्गाला दिसत नाही. चुकण्याच्या लाजेने तोंड न उघडणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी मला हे पडद्याहून मोलाचे वाटते.

प्रोजेक्टर जरूर घ्या. पण आधी चाळीस कार्डे छापू. मोबाईल माझा वापरा. गणिताचे दहा प्रश्न कोण काढणार, त्यांनी आजच चिटणीसांकडे नाव द्यावे.