कृष्णाकाठी आपले स्वागत असो



उच्च शिक्षणातील ऑनलाइन आणि दूरशिक्षण कितपत परिणामकारक ठरले, याचा दोन दिवस विचार करण्यासाठी आपण आमच्या गावी आलात. स्वागत समितीच्या आणि समस्त वाईकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. मी हळदीचा व्यापारी आहे. हे दिवस हळद शिजवण्याचे, पेढीवर गाड्या लागण्याचे. तरी गावाने हे काम सांगितले तेव्हा मी ते मोठा मान समजून स्वीकारले. आपल्यासारखी विद्वान मंडळी वाईला येणार आणि त्यांना हवे-नको पाहायला आपण नसणार, हे मला सहन झाले नसते.

वाईला दक्षिण काशी म्हणतात, हे आपण ऐकलेच असेल. महाबळेश्वरावरून उतरलेली कृष्णामाई धोम, मेणवली करत आमच्या गावात येते. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आळ्यांचे घाट तिला पायऱ्यापायऱ्यांनी भेटतात. यांतले किती घाट आणि देवळे रास्ते घराण्याने बांधली, याची यादी मी येथे देत नाही, नाहीतर उद्घाटनाला दुपार होईल. पण ढोल्या गणपतीचे देऊळ पाहिल्याशिवाय कृपा करून कोणी परत जाऊ नका. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली ते बांधले. मूर्तीची भव्यता सगळेच पाहतात. माझी विनंती अशी, की देवळाला वळसा घालून मागची भिंत पाहा. ती सरळ नाही, माशाच्या आकारासारखी निमुळती केली आहे. पुराचे पाणी तिच्यावर येऊन दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. अडीचशेहून अधिक पावसाळे त्या भिंतीने झेलले आहेत. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्याखालचा घाट आहे. वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तेथे आजही टांगलेली आहे. उद्या सकाळी साडेसहाला त्यासाठी दोन गाड्या निघतील. पहिले सत्र दहाला असल्याने सर्वांनी साडेनऊपर्यंत परतावे.

देवळे आणि वाडे अनेक गावांना असतात. माझ्या मते वाईचे खरे वैभव गंगापुरीतल्या प्राज्ञपाठशाळेत आहे, आणि तिच्याविषयी मी थोडा वेळ घेणार आहे.

१९१६ साली ही पाठशाळा नावारूपाला आली. तिचे आचार्य नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच संन्यासाश्रमातले स्वामी केवलानंद सरस्वती. जन्म १८७७, निर्वाण १९५५. मीमांसाकोशाचे सात खंड हे या एका पुरुषाचे काम. संदर्भासाठी संगणक नाही, हाताशी मोठे विद्यापीठ नाही, आणि तालुक्याच्या गावी बसून मीमांसेसारख्या दुर्गम शास्त्राचा कोश सिद्ध होतो, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. त्यांच्या शिष्यांची नावे आज सगळ्या देशाला ठाऊक आहेत. साबरमतीच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन विनोबा १९१७च्या सुमारास उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि शांकरभाष्य शिकण्यासाठी इथेच आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी खानदेशातल्या पिंपळनेरहून लहान वयात आले आणि वाईचेच होऊन राहिले. शिष्य एवढे मोठे झाले, की गुरूचे नाव मागे पडले. महाराष्ट्राला नारायणशास्त्र्यांचा विसर पडावा, हे मला बरे वाटत नाही. या परिषदेच्या स्मरणिकेत पहिले छायाचित्र त्यांचे आहे, ते स्वागत समितीच्या आग्रहाने आहे.

आपण म्हणाल, याचा दूरशिक्षणाशी काय संबंध? मला तो दिसतो. विनोबा वाईत होते तेव्हा त्यांचे दुसरे गुरू, गांधीजी, शेकडो मैलांवर होते. विनोबांनी त्यांना सविस्तर पत्र लिहून आपल्या अभ्यासाचा, आहाराचा, पायी प्रवासाचा आणि केलेल्या कामाचा सगळा हिशेब दिला. त्यात एक तपशील असा, की वाईत विद्यार्थ्यांचे मंडळ आणि वाचनालय काढले आणि त्यासाठी पैसे हवेत म्हणून विद्यार्थ्यांनी जात्यावर लोकांचे दळण दळले. विनोबाही त्या जात्यावर बसत. दळणाच्या पैशांतून पुस्तके आली. आज डिजिटल ग्रंथालयाच्या खर्चाची चर्चा ऐकताना मला ते जाते आठवते.

आणखी एक गोष्ट सांगतो. तर्कतीर्थांचे शिक्षण वाईत झाले, पुढे काशीलाही झाले, पण ‘तर्कतीर्थ’ ही पदवी त्यांनी १९२३ साली मिळवली ती कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयाची. शिकायचे एका गावी आणि परीक्षा हजार मैलांवरची, ही वाट आपल्याकडे नवी नाही. याच तर्कतीर्थांनी पुढे अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही, हे दाखवण्याच्या कामी गांधीजींना साह्य केले. आणि याच तर्कतीर्थांनी मराठी विश्वकोश वाईत आणला. १९७६ साली पहिला खंड निघाला; त्यांच्यामागे काम चालू राहिले आणि २०१५पर्यंत वीस खंड पुरे झाले. आता तो संकेतस्थळावर आहे. गडचिरोलीतल्या मुलीला रात्री अकरा वाजता ‘प्रकाशसंश्लेषण’ समजून घ्यायचे असेल, तर गंगापुरीत लिहिली, तपासली गेलेली नोंद तिच्या हातातल्या फोनवर येते. मराठीतले याहून मोठे दूरशिक्षण मला ठाऊक नाही, आणि हे मी वाईचा अभिमानी म्हणून बोलत असलो तरी मनापासून बोलतो.

आता परिषदेच्या विषयाकडे वळतो. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, १९८२ साली हैदराबादला देशातले पहिले मुक्त विद्यापीठ झाले, १९८५ला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ला नाशिकचे आपले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. २०१७पासून ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आहे. हा इतिहास आपण माझ्यापेक्षा चांगला जाणता. स्मरणिकेसाठी आलेले निबंध मुद्रणापूर्वी माझ्याकडे वाचायला होते. ते मी रोज पेढी बंद झाल्यावर वाचले. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, ऑनलाइन शिकणारे विद्यार्थी वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा सरासरीने थोडे सरस ठरले आणि दोन्हींचा मिलाफ असेल तेथे फायदा अधिक दिसला, असे एका निबंधात आहे. मात्र त्या मिलाफात विद्यार्थ्यांना वेळ आणि साहित्यही जास्त मिळाले होते, हे त्या आढावाकारांनीच नोंदवले आहे. दुसऱ्या निबंधात केटी जॉर्डन यांच्या २०१५च्या अभ्यासाचा दाखला आहे. जगभरच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव घातलेल्यांपैकी ते पुरे करणाऱ्यांच्या प्रमाणाचा मध्यक १२.६ टक्के. म्हणजे साधारण अभ्यासक्रमात शंभरातले सत्त्याऐंशी वाटेत गळाले. माध्यम एकच असताना एका ठिकाणी यश आणि दुसरीकडे एवढी गळती का, हा प्रश्न निबंध मिटल्यावरही माझ्या डोक्यातून गेला नाही.

मला त्याचे उत्तर माझ्या पेढीवर मिळाले. हिशेब पाहणाऱ्या आमच्या एका ताईंची शाळा लग्नाआधीच सुटली होती. मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून त्यांनी बी.ए.ला प्रवेश घेतला. सौदे आटोपले, की काट्याच्या बाजूच्या टेबलावर त्या गृहपाठाची वही उघडून बसत. वहीला वर्तमानपत्राचे कव्हर, बोटांची पिवळी खूण पानांवर उमटलेली. एकदा त्यांनी ती वही मला मुद्दाम दाखवायला आणली. गृहपाठ तपासणाऱ्या संमंत्रकांनी समासात लाल शाईने लिहिले होते, की उत्तर बरोबर आहे, पण उदाहरण पुस्तकातले नको, तुमच्या बाजारातले द्या. ताई म्हणाल्या, “काका, सरांनी वाचलंय हो सगळं.” त्या पदवीधर झाल्या. त्यांच्यासोबत प्रवेश घेतलेल्या दोघीजणींचे शिक्षण सुटले, कारण त्यांच्या वह्या कोणी वाचल्याच नाहीत, नुसती सही होऊन परत आल्या. पुस्तके तिघींना सारखीच मिळाली होती.

कच्ची उतरवलेली हळद वरून कितीही पिवळी दिसली तरी कोठारात टिकत नाही, तिला भुंगा लागतो. चित्रफिती आणि दुवे पाठवून, वर्षअखेर बहुपर्यायी प्रश्नपत्रिका लावून दिलेल्या पदवीचे असेच होईल, अशी मला भीती वाटते. करोनाच्या काळात जोर-जांभळीच्या खोऱ्यातली मुले रेंज मिळावी म्हणून माळावर जाऊन बसत होती, हे आम्ही पाहिले आहे. त्याआधीच्या, २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात इंटरनेटची सोय असलेली घरे जेमतेम पंधरा टक्के होती. आता रेंज पुष्कळ सुधारली. वही वाचणारा माणूस मात्र रेंजबरोबर आपोआप येत नाही. नारायणशास्त्र्यांच्या पाठशाळेत गुरू आणि शिष्य एकाच ओळीवर तासन्‌तास बसत. तेवढे आज कोणालाच शक्य नाही. पण आपली वही कोणीतरी वाचते आहे, हा भरवसा तरी प्रत्येक दूरस्थ विद्यार्थ्याला मिळाला पाहिजे. माझ्या समजुतीप्रमाणे परिणामकारकतेची किल्ली तिथे आहे.

आता व्यवस्थेविषयी. कृष्णामाईचे उत्सव घाटाघाटाने चालू आहेत, त्यामुळे गावातल्या धर्मशाळा आणि लॉज आधीच भरलेले होते. जवळजवळ चाळीस प्रतिनिधींची सोय घरोघरी करावी लागली. काल रात्री उशिरा आलेल्या काही पाहुण्यांना घर सापडेपर्यंत आळीतून फिरावे लागले, त्याबद्दल मी समितीच्या वतीने क्षमा मागतो. आजपासून प्रत्येक आळीच्या तोंडाशी आमचा स्वयंसेवक पिवळी फीत लावून उभा असेल. सभागृहातला पंखा आवाज करतो, तो दुपारपर्यंत दुरुस्त होईल. ऑनलाइन सहभागी होणाऱ्या प्रतिनिधींसाठी इंटरनेटच्या दोन स्वतंत्र जोडण्या घेतल्या आहेत. वीज गेली तर जनरेटर आहे. जेवण साधे आहे. ज्वारीची भाकरी, पिठले, वांग्याची भाजी, ठेचा आणि दुपारी पुरणपोळी. मधुमेही पाहुण्यांची पंगत वेगळी आहे, त्यांनी संकोच न करता सांगावे. पाणी उकळून गाळलेले आहे. पिंपांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत.

या सगळ्याचा भार एकट्या समितीला पेलला नसता. बाजारपेठेतल्या हळद-गुळाच्या आडत्यांनी वर्गणी दिली आणि किती दिली ते छापू नका असेही बजावले. मंगल कार्यालयाच्या मालकांनी दोन दिवसांचे भाडे घेतले नाही, तेही लग्नसराईत. मंडपवाल्यांनी निम्म्या दरात मांडव घातला. भुईंज आणि पसरणीच्या शेतकऱ्यांनी भाजी आणि तांदूळ पाठवला. बचत गटाच्या भगिनी पहाटे चारपासून भाकऱ्या थापत आहेत. जेवताना त्यांच्याशी दोन शब्द जरूर बोला. मुद्रकांनी स्मरणिका रात्र जागून पुरी केली. नगरपरिषदेने रस्ते झाडून घाट धुवून घेतले. पोलीस मित्र, वीज कर्मचारी, महाविद्यालयाचे शिपाई आणि आपल्या घरातली खोली परक्या पाहुण्याला उघडून देणारी गंगापुरी, मधली आळी आणि गणपती आळीतली कुटुंबे, या सर्वांचा मी ऋणी आहे. कोणाचे नाव किंवा काम राहून गेले असेल तर त्यांनी मोठ्या मनाने समजून घ्यावे. जेवणाच्या वेळी मी स्वतः दाराशी उभा असेन. काही कमी पडले तर थेट मला सांगा, परत गेल्यावर इतरांना नको.

जाण्यापूर्वी परिषदेने एक ठराव करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. प्रत्येक तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर पूर्ण पगाराचा, पूर्ण वेळेचा निदान एक संमंत्रक असावा आणि विद्यार्थ्याचा प्रत्येक गृहपाठ लेखी अभिप्रायासह परत जावा, अशी मागणी आपण शासनाकडे आणि विद्यापीठांकडे करावी. वाईतल्या अभ्यासकेंद्रासाठी अशा संमंत्रकाच्या पहिल्या वर्षाच्या पगाराचा भार आमच्या बाजारपेठेने उचलायचे ठरवले आहे, हे मी या व्यासपीठावरून जाहीर करतो. पुढच्या वर्षांची जबाबदारी आपण घ्यावी.