क्षय, अनुवंश आणि आपल्या सोयरिकी
(श्रीक्षेत्र राजूर येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



राजूरच्या श्रीगणेशाच्या सान्निध्यात आपण मुलामुलींच्या सोयरिकी जुळवितो. त्या वेळी एक वाक्य हलक्या आवाजात कानी पडते : “स्थळ उत्तम आहे, परंतु त्या घराण्यात क्षय आहे.” तेवढ्यावरून निरपराध मुलीचे लग्न मोडते. म्हणून क्षयात अनुवंशाचा वाटा किती, हे आज पाहू.

क्षय हा जंतुजन्य रोग आहे, हे रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली दाखविले. तो वारशाने येत नाही. रोग्याच्या खोकल्यातून हवेवाटे पसरतो. मात्र जंतू शिरलेली सर्वच मुले आजारी पडत नाहीत. 1930 साली जर्मनीतील ल्यूबेक येथे सुमारे 250 अर्भकांना लसीतून चुकून क्षयाचे जहाल जंतू दिले गेले. 70 हून अधिक दगावली. परंतु बहुसंख्य जगली. जंतूंची मात्रा कमीअधिक होती, हे खरे. तथापि जुळ्यांच्या अभ्यासांतही आढळले की, एका भावंडास क्षय झाल्यास दुसऱ्यास होण्याचा संभव एकरूप जुळ्यांत अधिक असतो. बी एकच असले तरी जमिनीगणिक ते निराळे रुजते, तसेच हे.

क्वचित एखाद्या जनुकातील दोषामुळे बालकास बी.सी.जी. लसीतील दुबळे जंतूही बाधतात. यांतील पुष्कळ दोष आई व वडील या दोघांकडून आले तरच प्रकट होतात; म्हणून मामा-भाचीच्या किंवा आते-मामे भावंडांच्या विवाहात त्यांचा धोका वाढतो. घरात पूर्वी एखादे बाळ लसीच्या बाधेने दगावले असेल, तर पुढील बाळास लस देण्यापूर्वी डॉक्टरांस अवश्य सांगावे. इतरांनी मात्र जन्मतःच लस द्यावी. मेंदूच्या क्षयापासून ती बालकांचे रक्षण करते.

जन्मजात प्रकृती पालटत नाही. अन्न आणि औषध आपल्या हाती आहे. झारखंडात रोग्यांच्या घरच्या माणसांना तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी घटले, असे 2023 साली प्रसिद्ध झाले. घरात क्षयरोगी निघाल्यास मुलांची तपासणी करवावी. रोग नसल्यास सरकारी दवाखान्यातील मोफत प्रतिबंधक गोळ्या पूर्ण द्याव्यात.

यापुढे स्थळ पाहताना “घराण्यात क्षय होता काय?” असे न विचारता “औषध पुरे झाले ना?” एवढेच विचारू या.