पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव : दुर्लक्ष नको, घाईही नको

(किनवट येथे पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामसेवक यांच्यापुढे केलेले भाषण)



या विषयावर चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे रीत नाही. ती नाही म्हणूनच आज बोलणे अगत्याचे आहे.

सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती कायमची गेली असे वैद्यकशास्त्र मानते. त्यानंतर रक्ताचा एखादा डाग जरी दिसला, तरी तपासणी झालीच पाहिजे. परंतु वाडीतांड्यावरील आपली माय-मावशी "उष्णता झाली असेल" म्हणून ते अंगावर काढते. नांदेडला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हेही खरेच.

पुष्कळदा कारण साधे असते. कधी गर्भाशयाच्या अस्तरावर मांसल कोंब वाढलेला असतो. त्यास पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात. मात्र पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल, तर अशा शंभर स्त्रियांपैकी सुमारे पाचजणींच्या पॉलिपमध्ये कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळते. स्थूलपणा, मधुमेह आणि स्तनांच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध यांमुळे धोका वाढतो. रक्तस्राव नसताना सोनोग्राफीत सहज दिसलेल्या पॉलिपचा धोका त्याहून कमी असतो.

सोनोग्राफीत अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी. ती अधिक असल्यास, किंवा रक्तस्राव पुनःपुन्हा होत असल्यास, अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. पॉलिप दुर्बिणीतून काढून प्रयोगशाळेत पाठविता येतो. त्यासाठी सहसा 'पिशवी' काढावी लागत नाही.

हे मुद्दाम सांगतो. आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कर्करोगाची भीती घालून तरुण स्त्रियांची गर्भाशये काढल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या. अज्ञानाने एक स्त्री उशिरा दवाखान्यात पोहोचते, तर दुसरी भीतीपोटी नको ती शस्त्रक्रिया करून घेते. दोघींचेही नुकसान आपण थांबवू शकतो.

आपण एवढेच करावे. ग्रामसभेत व महिला मेळाव्यात आशा कार्यकर्तीला याविषयी बोलू द्यावे. डाग दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्र अथवा किनवटचे उपजिल्हा रुग्णालय गाठण्यास सांगावे. पुढील तपासणीसाठी नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तपासणीचा अहवाल हाती येण्यापूर्वी गर्भाशय काढण्यास कोणी सुचविल्यास दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वेळीच सापडलेला हा कर्करोग बहुधा बरा होतो. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला आज संध्याकाळी एक प्रश्न विचारा. आरंभ तेथूनच होईल.