मुली पुढे, मुलगे मागे
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मी आज एका अमेरिकन रॉक बँडविषयी बोलणार म्हटल्यावर मघाशी चहाच्या वेळी काहीजणी हसल्या. खरं सांगायचं तर ते संगीत माझ्याही कानाला गोड लागत नाही. गिटारी करकरतात, गाणारी किंचाळते. पण ती कुणासाठी किंचाळते हे कळलं, तेव्हापासून मी ऐकू लागले.

वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया या लहान शहरात १९९० साली ‘बिकिनी किल’ सुरू झाला. कॅथलीन हॅना गाणारी, टोबी वेल ड्रमवर, कॅथी विल्कॉक्स बास गिटारवर, आणि बिली कॅरेन हा एकटा पुरुष गिटारवर. मधूनच वाद्यांची अदलाबदल करत. ‘द स्लिट्स’, ‘एक्स-रे स्पेक्स’ अशा इंग्लंडमधल्या बायकांच्या पंक गाण्यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. पंकचं म्हणणं साधं: उस्तादाकडे दहा वर्षं घासायला नको, जेवढं येतं तेवढ्यावर मंचावर चढा. पहिली कॅसेट त्यांनी १९९१ मध्ये स्वतःच काढली. पुढे ‘किल रॉक स्टार्स’ या गावातल्याच छोट्या कंपनीकडून रेकॉर्ड काढल्या. सोबत हाताने लिहून, चिकटवून, झेरॉक्स काढलेल्या पत्रिका वाटत. आपल्या सुरुवातीच्या सायक्लोस्टाइल अंकांसारख्याच! त्यांतल्याच एका अंकात १९९१ मध्ये ‘रायट गर्ल’ चळवळीचा जाहीरनामा छापला गेला.

कॅथलीनने ऑलिंपियातल्या अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या निवारा केंद्रात काम केलं होतं. त्यामुळे बलात्कार, घरातलं लैंगिक शोषण हे विषय तिने गाण्यात आणले ते पुस्तकातून नव्हे, बायकांशी बोलून.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यांची सभागृहाची मांडणी. पंकच्या कार्यक्रमात मंचासमोर मुलगे एकमेकांवर आदळत नाचत. मुली भिंतीला टेकून, मित्रांची जाकिटं सांभाळत. कॅथलीन मंचावरून मुलींना पुढे बोलवायची, मुलग्यांना मागे सरायला सांगायची. गाण्यांचे छापील कागद मुलींच्या हातात द्यायची. यावर मुलगे खवळत, शिव्या देत, वस्तू फेकत, तिच्या अंगावरही जात. तरी तिने ते सोडलं नाही.

आणि कार्यक्रम संपल्यावर? मुली तिच्याकडे येत आणि आपल्यावर काय झालं ते सांगत. समुपदेशनाचं काम करणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. केंद्राची वेळ संपते, आपण कुलूप हातात घेतो आणि नेमकी तेव्हाच एखादी बाई बोलायला लागते. पण आपल्याजवळ निदान सहकारी असते, नोंदवही असते, वकिलाचा फोन नंबर असतो. त्या मुलीला दुसऱ्या दिवशी पुढचं गाव गाठायचं असे. ऐकणारीला कोण ऐकतं, हा प्रश्न त्या चळवळीने पुरता सोडवला असं मला वाटत नाही. आपण तरी कुठे सोडवलाय?

दुसरी उणीव मोठी. चळवळ मुख्यतः गोऱ्या, शिकलेल्या मुलींची राहिली. काळ्या मुलींनी हे तेव्हाच बोलून दाखवलं होतं. वर्तमानपत्रांना मुद्द्यांपेक्षा त्यांच्या कपड्यांत जास्त रस, म्हणून १९९२ च्या सुमाराला चळवळीतल्या अनेकींनी मुलाखती देणंच बंद केलं. राग समजतो, पण त्याने दूरच्या गावातल्या मुलीपर्यंत पोचण्याचा एक रस्ताही बंद झाला. १९९७ मध्ये बँड मोडला. २०१९ मध्ये पुन्हा मंचावर आला, तेव्हा आयाही आल्या आणि लेकीही.

आता आपल्याकडे या. आठ मार्चला वस्तीत कार्यक्रम होतो. पहिल्या रांगेत खुर्च्या, त्यांवर मंडळाचे अध्यक्ष, नगरसेवक आणि त्यांचे कार्यकर्ते. बायका मागे सतरंजीवर, पोर कडेवर घेतलेली दाराशी उभी. माइकवर मीच ‘मान्यवरांनी आसनस्थ व्हावे’ म्हणते. गेल्या वर्षी एका आजींनी विचारलं, “बाई, कार्यक्रम आमचा ना? मग आम्हाला दिसत का नाही?” मी हसून वेळ मारून नेली.

गटचर्चेत यंदाच्या आठ मार्चच्या खुर्च्यांचं ठरवूया. जेवणानंतर दोन गाणी लावते. आवाज कमी ठेवीन.