पॅरिसचे शिफॉन आणि आपले पातळ

जानेवारी १९२७ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. विषय होता स्त्रीशिक्षणाच्या सुधारणेचा आणि अध्यक्षस्थानी होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. ज्या राणीसाहेबांनी पुढे पडदा झुगारून दिला, त्यांचे आरंभीचे आयुष्य पडद्यातच गेले होते. त्यांच्या कन्या इंदिराराजे यांचे नाव मात्र परिषदांच्या इतिवृत्तांत फारसे सापडत नाही. ते सापडते वस्त्रांच्या इतिहासात. फ्रान्समध्ये राहून एखाद्या मराठी स्त्रीने आपल्या नित्याच्या पेहरावासाठी तेथून काय घ्यावे, या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या चरित्रात आहे, आणि ते वाटते तितके वरवरचे नाही.

इंदिराराजांचा जन्म १८९२ सालचा. वडील सयाजीराव महाराज युरोपच्या वाऱ्या वारंवार करीत. त्यामुळे तिकडच्या रीतिभातींचे नवल मुलीला लहानपणीच उरले नाही. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेला विवाह त्यांनी स्वतः पत्र पाठवून मोडला. त्या काळी राजघराण्यात काय, सामान्य घरातही हे अघटितच होते. १९१३ साली लंडनमध्ये त्यांनी कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्याशी विवाह केला. १९२२ च्या डिसेंबरात पती निवर्तले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस, पदरी पाच मुले आणि अल्पवयीन पुत्राच्या नावे चालवायचा राज्यकारभार. यानंतरच्या वर्षांत त्यांचे युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, जाणेयेणे वाढले.

त्या काळच्या फ्रान्समध्ये स्त्रियांच्या पोशाखात मोठी उलथापालथ चालू होती. पहिल्या महायुद्धापूर्वीच पॉल प्वारे यांनी कमरेला आवळून धरणारी ताठ कंचुकी बाजूला सारली होती. गाब्रिएल शानेल यांनी अंतर्वस्त्रांच्या कामाचे साधे विणीचे कापड उचलून त्याचे दिवसभर वापरायचे कपडे शिवले. मादलेन व्हिओने यांची रीत तर आपल्याकडील स्त्रीला विशेष ओळखीची वाटावी. त्या कागदावर आराखडा न काढता लहानशा लाकडी बाहुलीवर कापड सोडीत, ते आपल्या वजनाने कसे पडते हे पाहत आणि मग कात्री लावीत. म्हणजे शिंपीकामात निपुण असलेले ते राष्ट्र जे तत्त्व नव्याने शोधीत होते, ते आपल्या लुगड्यात पहिल्यापासूनच होते. ताठपणा आणि आवळपट्टी नको. कापडाचा पोत आणि त्याची पडण हेच सौंदर्याचे अंग.

अशा शहरात वावरणाऱ्या श्रीमंत हिंदी स्त्रीपुढे दोन सोपे मार्ग होते. तिकडचा झगा घालावा, किंवा तिकडच्या लोकांना दिपवण्यासाठी जरतारी शालू नेसून मिरवावे. इंदिराराजांनी तिसरा मार्ग धरला. त्यांची कन्या, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी, यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात त्याची हकीकत आहे. रेशमी साडी उन्हाळ्यात उकडते आणि सुती साडी बैठकीला साधी वाटते; या दोहोंच्या मधले वस्त्र त्यांना हवे होते. ते त्यांना फ्रेंच शिफॉनमध्ये दिसले. पण युरोपात कापड निघे ते झग्यांच्या हिशेबाने. तेव्हा त्यांनी पॅरिसच्या एका पेढीला गळ घालून साडीला लागणाऱ्या पंचेचाळीस इंची पन्ह्याचे शिफॉन आपल्या सूचनेप्रमाणे मिळवले.

या पन्ह्यातच सारी गोष्ट आहे. साडीला पन्हा कमी पडला, तर निऱ्या घोट्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि सारा डौल जातो, हे कोणत्याही गृहिणीला सांगावयास नको. फ्रेंच कापडाच्या मापात स्वतःला बसवण्याऐवजी त्यांनी ते कापड साडीच्या मापात बसवून घेतले. परदेशी राहून परदेशीयांचे अनुकरण करणारे पुष्कळ असतात. आपले माप तेथील कारखानदाराच्या गळी उतरवणारे विरळा.

शिफॉन या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ चिंधी. कापड मात्र अतिशय नाजूक असते. बारीक रेशमी सुताला भरपूर पीळ देतात. एक धागा उजव्या पिळाचा, दुसरा डाव्या पिळाचा, अशी मांडणी करून ते साध्या विणीने विणतात. पिळामुळे कापडाला किंचित खरखरीत, लवचिक पोत येतो आणि ते अंगावरून पाण्यासारखे ओघळते. आपल्या भाषेने गोल नेसायच्या साडीला 'पातळ' हे नाव दिले आहे. ते या वस्त्राला जितके शोभते तितके दुसऱ्या कशालाही शोभत नसेल.

परंतु या वस्त्राच्या अडचणीही थोड्या नव्हत्या. शिफॉनचा कासोटा घालता येत नाही. नऊवारीला अंग असलेले, ताठ बसणारे सूत लागते. इरकलीचा कासोटा दिवसभर जागचा हलत नाही, शिफॉनचा क्षणभरही टिकणार नाही. म्हणून ते गोलच नेसावे लागे. त्याला विणलेला काठही नसे. मुंबईच्या पारशी स्त्रिया भरतकामाची कोर निराळी करवून पातळाला शिवीत, त्याच तऱ्हेची कोर येथे उपयोगी पडे. शिवाय आरपार दिसणारे कापड म्हटल्यावर परकर आणि पोलके यांचा रंग जुळवणे आले. आजवर दडलेला परकर त्यामुळे पोशाखाचा निम्मा भाग होऊन बसला.

पांढऱ्या शिफॉनच्या साडीविषयी एक समज फार पसरलेला आहे. वैधव्याचे वस्त्र म्हणूनच इंदिराराजांनी ते निवडले, असे सांगितले जाते. कन्येच्या लेखनात भर आहे तो कापडाच्या थंडाव्यावर. ते कसेही असो, तिशीतल्या विधवेने आपल्या वस्त्राची आवड उघडपणे जोपासावी, ही गोष्ट त्या काळच्या पुण्याला झोंबणारी होती. येथे कित्येक घरांतून केशवपन केलेल्या, आलवण नेसलेल्या स्त्रिया माजघरात दिवस कंठीत होत्या. हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम उभा राहून दोन तपे होत आली होती आणि त्याच्यासाठी वणवण करणाऱ्या पार्वतीबाई आठवल्यांनी केशवपनाची रूढी स्वतः मोडली होती. त्यांचा त्याग आणि कूचबिहारच्या राणीचा षोक एका तागडीत घालणे अन्याय्य होईल. तरीही पती गेला म्हणून स्त्रीची दृष्टी आणि रुची मेली असे मानू नये, एवढी एक गोष्ट दोघींच्या वागण्यातून निघते.

षोक म्हटले ते उगीच नव्हे. फ्लॉरेन्सच्या फेरागामो या चर्मकाराकडे त्यांनी एका वेळी शंभर जोड पादत्राणे मागवली आणि काहींवर जडवण्यासाठी आपली रत्ने दिली, असे सांगतात. नित्याच्या पेहरावाच्या चर्चेत याचे अनुकरण कोणी सुचवणार नाही.

याहून गंभीर आक्षेप स्वदेशीचा. ऑक्टोबर १९०५ मध्ये याच पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली होती. ज्या घरांनी त्या ज्वाळा पाहिल्या, त्यांना पॅरिसहून आलेले वस्त्र कितीही झुळझुळीत असले तरी कसे रुचावे? आक्षेप खरा आहे आणि त्याला राणीसाहेबांच्या चरित्रात उत्तर नाही. पण कापड टाकून दृष्टी ठेवता येते. हवा कशी, काम कोणते, सूत किती वजनाचे, ते कसे पडेल आणि त्याला काठ किती पेलवेल, हे प्रश्न महेश्वरीला किंवा साध्या गिरणीच्या पातळालाही विचारता येतात. पुण्यातील कॉलेजकन्यका हळूहळू गोल पातळाकडे वळल्या, त्यात पॅरिसचा हात नव्हता. किंबहुना सायकलवर बसावयाचे असेल, तर कासोट्याइतकी सोय दुसऱ्या कशात नाही, हे त्या वेळच्या वडीलधाऱ्या स्त्रिया त्यांना ऐकवू शकल्या असत्या.

पॅरिसनेही या देवघेवीत काही उचलले. १९३५ साली एल्सा स्कियापारेल्ली यांनी साडीच्या धर्तीवर पोशाख काढले. त्यांची स्फूर्ती कपूरथळ्याच्या राजकन्या सीतादेवी यांच्या नेसण्यातून आली होती. पाश्चात्त्य बाई खांद्यावरून पदर घेऊन मेजवानीला निघाली, आणि तिच्या पदराला आतून टाके घातलेले होते!

१९४० साली फ्रान्स पडला. इंदिराराजे १९६८ साली मुंबईत वारल्या. गायत्रीदेवींनी फिक्या रंगांची शिफॉनची साडी अखेरपर्यंत नेसली; त्या २००९ साली गेल्या. दरम्यान सुरतेच्या मागांवर कृत्रिम धाग्याचे शिफॉन निघू लागले आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांतून ते पुण्याच्या घराघरांत पोहोचले. रेशमी शिफॉनची साडी धुणे जोखमीचे. ही मात्र मोरीत खुशाल धुवावी, दोरीवर टाकावी, तासाभरात वाळते आणि इस्त्रीही मागत नाही. फॉल तेवढा लावून घ्यावा लागतो. उन्हाळ्यात मात्र ती अंगाला चिकटते, आणि ज्या थंडाव्यासाठी राणीसाहेबांनी पॅरिसची पेढी गाठली होती, तो तिच्यात नाही.