खासगी विद्यापीठे आणि विद्यादान



भक्तजनहो, विद्येस राजाश्रय हवा, हे खरेच; परंतु त्याची वाट पाहत बसणे हे विद्योपासकाचे लक्षण नव्हे. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली पुण्यास महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा त्यास सरकारमान्यता नव्हती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लक्ष रुपयांचे दान देऊ केले. कायद्याची मान्यता मात्र १९५१ साली लाभली. मधली ३५ वर्षे स्त्रियांना मातृभाषेतून उच्च शिक्षण मिळत राहिले, ते लोकांच्या विश्वासावर.

संशोधनास तर याहून मोठा धीर लागतो. विद्वज्जनांनी १९१७ साली स्थापिलेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये आरंभिली. ती १९६६ मध्ये सिद्धीस गेली. प्रमुख संपादक डॉ. सुकथनकर १९४३ सालीच निवर्तले. कार्य थांबले नाही.

आज इंदुरातही खासगी विद्यापीठे उभी आहेत. त्यांची परीक्षा इमारतींवरून नव्हे, तर असे दीर्घ कार्य ती पोसतात की नाही, यावरून व्हावी. आपल्या मठात अन्नदानाची पंगत नित्य बसते. तीत एक पान अभ्यासकाचेही मांडावे, हीच प्रार्थना.