गोळ्या नका मोजू, डुकरातले दाणे मोजा
(मनवेलपाडा, विरार इथल्या बैठकीतलं बोलणं)



आज आम्ही फेफऱ्यावर बोलणार. धडधाकट माणूस एकदम पडतो, हातपाय आखडतात, तोंडाला फेस येतो. आपण भगताकडे नेतो. पण काहींच्या मेंदूत डुकराच्या पट्टकृमीच्या गाठी असतात.

डुकराचं मटण कच्चं राहिलं तर त्यातला दाणा आपल्या आतड्यात लांब फितीसारखा जंत होतो. त्याची अंडी विष्ठेतून पडतात. ती डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे होतात. आणि तीच अंडी हातावरून, भाजीवरून माणसाच्या पोटात गेली तर गाठी माणसालाच होतात. आपल्यातले म्हणतात, आम्ही डुक्कर खात नाय, आम्हाला काय? शेजारच्याच्या पोटात जंत असला तरी पुरे.

आता कार्यक्रम येतात. इतक्या गोळ्या वाटल्या, इतके संडास बांधले. शाळेतली अल्बेंडाझोलची गोळी मुलांना जरूर द्या, पण तिच्या एका डोसाने हा जंत हमखास जात नाय. पेरू देशात टुंबेस भागातल्या 107 गावांत माणसांना जंताचं औषध दिलं, डुकरांना औषध आणि लस दिली. मग डुकरं कापून दाणे शोधले. 105 गावांत जिवंत दाणा मिळाला नाही. हा खरा हिशोब! काम झाल्यावर जन्मलेल्या डुकरात दाणे दिसले, तर कुणाच्या तरी पोटात जंत अजून आहे. डुकरांची ती लस हैदराबादला बनते, परदेशात जायची गरज नाय.

आणि संडास? मागायला गेलं की विचारतात, घर कुणाच्या जागेवर? वनजमिनीवरचं घर कागदावर नसतं. 2006 च्या वनहक्क कायद्यात कसण्याबरोबर राहण्याचाही हक्क आहे. आपले पुष्कळ दावे फक्त शेताचे भरले, ही आपलीच चूक. घराची जागा लिहा. पिण्याच्या पाण्याच्या योजनेलाही ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरच्या आत वनजमीन मिळते, तो ठराव करा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने लिहून आणा: फेफरं किती जणांना, डुकरं कुठे फिरतात, माणसं कुठे बसतात. ज्याला फेफरं येतं त्याने जंताचं औषध मनाने घेऊ नये. डोक्यात गाठ असेल तर औषधानेच झटका येऊ शकतो. आधी डॉक्टरला डोक्याचा फोटो काढायला सांगा.